दोन कुलपांची ट्रंक

गल्लीत तिला सगळे कानस म्हणायचे. गिटारी दुरुस्त करणाऱ्या बाईच्या हातात दिवसभर कानस असायचीच, पण नाव पडलं ते हातावरून नव्हे, जिभेवरून. गिऱ्हाइकाने गिटार टेबलावर ठेवली की ती आधी गिटारीकडे बघायची, मग गिऱ्हाइकाकडे, आणि दोघांपैकी कोणाची जास्त कीव येते ते तोंडावर सांगायची. एका भल्या माणसाला तिने विचारलं होतं, "ही तुमच्या हातून पडली, की कंटाळून हिनेच उडी मारली?" तो माणूस पुन्हा आला. येणारच, जातो कुठे. पोट फुगवलेल्या, व्हायोलिनसारख्या नागमोडी फटी असलेल्या जुन्या आर्चटॉप गिटारी नीट करणारं त्या शहरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे एक माणूस होता, पण त्याचं नाव तिच्या खोलीत काढायची सोय नव्हती. तो तिचा सख्खा मोठा भाऊ, दादा.

दादाचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं, काचेचं, आत दिवे वगैरे. कानस एका गोदामाच्या वरच्या खोलीत काम करायची. जिना इतका अरुंद की गिटारीची पेटी उभी धरूनच वर आणावी लागे. खिडकीपाशी टेबल, टेबलावर लाकूड आवळून धरायचा बाबांचा शिकंजा, भिंतीला करवती. लग्न तिने केलं नव्हतं. तिच्या मते वेळ मिळाला नाही. इतरांच्या मते कोणाची हिंमत झाली नाही. दोन्ही खरं असावं.

थंडी सरत आली होती तेव्हा तिच्याकडे एक म्हातारा आला. तरुणपणी तो हॉटेलातल्या बँडमध्ये गिटार वाजवायचा, आणि आपण आता म्हातारे झालो हे त्याला कोणी अजून कळवलेलं नव्हतं. जिना चढून आल्यावर धाप लागलेली दिसू नये म्हणून तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मग त्याने पेटी उघडली आणि खोलीभर आंबूस, नाकाला झोंबणारा वास सुटला. काय झालंय हे कानशीला गिटार न बघताच कळलं.

तारांच्या खाली, नखीचे ओरखडे लाकडावर उठू नयेत म्हणून, अशा गिटारींना वीतभर लांबीची एक पट्टी बसवलेली असते. तिला पिकगार्ड म्हणतात. जुन्या काळी ती सेल्युलॉइडची करत, कासवाच्या पाठीच्या रंगाची: तपकिरी, आत लाल-पिवळे ढग, उजेडात धरली की निखाऱ्यासारखी. पण सेल्युलॉइड कधीतरी सडतं, आणि सडलं की एकटं सडत नाही. म्हाताऱ्याच्या पट्टीचा कडेने भुगा झाला होता, मधे तडे गेले होते, खालून पिवळं चिकट पाणी सुटलं होतं. तिच्या वाफेने वरच्या तारा हिरव्या पडल्या होत्या आणि तारा अडकवायच्या शेपटीवरचं सोन्याचं पाणी उडालं होतं. आणखी काही महिने गेले असते तर लाकडाचं पॉलिशही गेलं असतं.

"ही पट्टी तुझ्या बापाने बसवलेली," म्हातारा म्हणाला. "गिटारीच्या डोक्यावरचा, खुंट्यांमधला हा तुकडाही त्याच शीटचा. हा बघ, ठणठणीत आहे."

खरंच होता. एकाच शीटचे दोन तुकडे असतात. एक सडतो, दुसऱ्याला काही होत नाही. सख्ख्या भावंडांत असतं तसं. का, ते कोणाला सांगता येत नाही.

म्हाताऱ्याचं म्हणणं सरळ होतं. नवी पट्टी डोक्यावरच्या तुकड्याशी जुळली पाहिजे. जवळपास नको, जुळलीच पाहिजे. तो दादाकडेही जाऊन आला होता. दादाने त्याला छापील प्लास्टिकची पट्टी दाखवली, आणि त्याने ती दादाच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. हे ऐकून कानशीला इतका आनंद झाला की तिने त्याला बसायला स्टूल दिलं. पण पुढचं वाक्य तिच्यासाठी होतं.

"तुझा बाप गेल्यापासून मी ऐकतोय, त्याचा हात पोरीत उतरलाय, नाही पोरात उतरलाय. मला एकदा बघू दे. नसेल जमत तर तसं सांग, मी गिटार अशीच घेऊन मरतो."

कानशीचं सगळं आयुष्य याच एका प्रश्नावर उभं होतं. याच प्रश्नावरून ती घर सोडून गोदामावर राहायला आली होती आणि सख्ख्या भावाशी बोलेनाशी झाली होती. तिने गिटार ठेवून घेतली. जमेल की नाही ते सांगितलं नाही, कारण तिचं तिलाच माहीत नव्हतं.

मग शोध सुरू झाला. हल्ली खरं सेल्युलॉइड कोणी सहसा करत नाही, कारण ते काडी लावताच भडकतं. जो माल मिळतो त्यावर कासवाची पाठ वरून छापलेली असते, आणि ती कासवापेक्षा स्वयंपाकघरातल्या फरशीला जास्त शोभते. कानस चष्म्याच्या फ्रेमा करणाऱ्याकडे गेली. त्याच्याकडचा माल चांगला होता, खोल होता, पण ढग मोठमोठे आणि पट्ट्यापट्ट्यांचे. तिने त्याला सांगितलं की हा चष्मा घालणारा माणूस आजारी दिसेल. त्याने तिला दार दाखवलं. एका न्हाव्याकडे त्याच्या आजोबांचा कंगवा होता, अंगठ्याने घासला की कापराचा वास येणारा, अस्सल सेल्युलॉइडचा. रंगही अगदी तो. पण कंगव्यातून वीतभर लांब नि अर्धी वीत रुंद पट्टी कशी निघणार? ती विचारत असताना न्हावी कंगवा हातात घट्ट धरून होता, चोराला दागिना दाखवावा तसा. जुन्या अ‍ॅकॉर्डियनची पाठ बघितली, ती मोत्याच्या रंगाची. जुन्या सामानाच्या बाजारात आरशाची मूठ मिळाली, तिच्यावरून दुकानदाराशी भांडण करून झालं आणि मग कळलं की ती हाडाची आहे.

प्रत्येक तुकडा ती खिडकीपाशी आणून डोक्यावरच्या तुकड्याशेजारी धरायची आणि शिव्या द्यायची. आधी तुकड्याला, मग तो विकणाऱ्याला, आणि शेवटी फिरून फिरून दादाला. कारण ज्या शीटमधून बाबांनी म्हाताऱ्याची पट्टी कापली होती, तिचा उरलेला अर्धा भाग कुठे आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो दादाच्या घरी होता. ट्रंकेत. दोन कुलपांच्या आत.

ही ट्रंक बाबांची. कंगव्यांचा एक कारखाना बंद पडला तेव्हा बाबांनी तिथून सेल्युलॉइडच्या शीटा आणल्या होत्या आणि आयुष्यभर काटकसरीने वापरल्या होत्या. बाबा गेल्यावर भावंडांनी वाटणी केली. म्हणजे भांडण केलं आणि ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने नेलं. शिकंजा हिने उचलला, म्हणून सरस तापवायचं भांडं त्याने लपवलं. विळ्या-भोपळ्याचं सख्य तरी बरं, निदान भोपळा उलटून बोलत नाही. ट्रंकेवर येऊन मात्र दोघंही अडून बसली. ज्याच्याकडे ट्रंक तो बाबांचा वारस, असं दोघांच्याही डोक्यात पक्कं होतं. दादाची बायको मधे काही समजुतीचं बोलायला गेली, तर कानशीने तिला सगळ्यांदेखत सुनावलं, "हे आमच्या बाबांचं आहे. यात परक्यांनी हात घालायचा नाही." ती गप्प बसली. तिने बाबांचं शेवटचं आजारपण काढलं होतं, ते त्या वेळी कोणाच्या लक्षात नव्हतं.

शेवटी काकांनी तोडगा काढला. ट्रंक दादाच्या घरी राहील, पण तिला दोन कुलपं लागतील. एकाची किल्ली दादाकडे, दुसऱ्याची कानशीकडे. दोघं मिळून आलात तरच उघडेल. या निमित्ताने भावंडं अधूनमधून एकत्र येतील असं काकांना वाटलं. काका भोळे होते.

भावंडं एकत्र आली नाहीत. आणि याचा अर्थ काय होतो हे दोघांनाही पुरतं ठाऊक होतं, तीच तर गोम होती. सेल्युलॉइड कोंडून ठेवलं की स्वतःच्याच वाफेने सडतं. बाबा दर थंडीत ट्रंक उघडून एकेक शीट मागच्या गॅलरीत, सावलीत, दोरीला टांगायचे. चिमट्याचा वळ उठू नये म्हणून चिमट्याखाली फडक्याची घडी. चिमटे द्यायला एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला ही. धंद्यातलं पहिलं काम दोघं हेच शिकली होती. म्हणजे बाबांच्या मागे दर थंडीत कानशीला आठवण व्हायची की ट्रंक उघडायला हवी. आणि दर थंडीत ती मनाशी म्हणायची, गरज त्याला असेल तर येईल किल्ली मागायला. तिकडे दादाही हेच म्हणत असणार. ना तुला ना मला, घाल कुत्र्याला. कुत्र्याचंही पोट भरलं नाही, नुसती ट्रंक सडत राहिली.

तरी एका सकाळी तिने किल्ली पिशवीत टाकली आणि निघाली. एखादी तरी शीट मधोमध वाचली असेल, वीतभर तुकडा, एवढीच आशा होती. नाक मुठीत धरून जायची तिला सवय नव्हती, म्हणून जाताना तिने दादाला टाकून बोलायची चारपाच वाक्यं तयार ठेवली.

दार दादाच्या बायकोने उघडलं. "या" म्हणाली नाही, "नका येऊ" असंही म्हणाली नाही. दार उघडं टाकून आत गेली. दादा चहा पीत होता. कानशीने उभ्याउभ्याच सांगितलं की बँडवाल्या म्हाताऱ्याची गिटार तिच्याकडे आहे आणि ट्रंक उघडायची आहे. दादा बोलणार, अडवणार, अटी घालणार, अशी तिची खात्री होती. दादा लगेच उठला. "चल," म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून तिच्या तयार ठेवलेल्या वाक्यांवर पाणी पडलं. तिला कळलं. आत सगळा भुगा झालाय अशी त्याचीही खात्री होती, आणि तो भुगा बघताना हिचं तोंड कसं होतं, ते त्याला बघायचं होतं.

ट्रंक मागच्या खोलीत होती, गाद्यांच्या खाली. गाद्या काढल्या. कानशीचं कुलूप पहिल्या झटक्यात उघडलं. दादाची किल्ली आत गेली आणि तिथेच अडली. त्याने तेल घातलं, ठोकलं, शिव्या दिल्या. कुलूप आतून गंजलं होतं.

"सरक," कानस म्हणाली, आणि पिशवीतून कानस काढून तिने दादाचं कुलूप कापायला घेतलं. तिला इतकं सुखाचं काम कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. दादा बाजूला उभा राहून हळू, पत्र्याला लागेल, हळू, असं सांगत होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर अजून जळायलाही सुरुवात नव्हती.

"तू आली असतीस वेळेवर तर ही पाळी आली नसती," तो म्हणाला.

"तू बोलावलं असतंस तर आले असते."

"तुला बोलवायला लागतं? बापाचा माल सडतोय हे ठाऊक असताना?"

"तुला नव्हतं ठाऊक?"

कुलूप तुटून खाली पडलं. दोघांनी नाकाला रुमाल लावला, कारण अशी ट्रंक उघडली की पहिली वाफ डोळे जाळते, आणि झाकण वर केलं.

वाफ आलीच नाही. आला तो कापराचा वास, मंद, स्वच्छ, लहानपणीचा. कानशीने रुमाल खाली घेतला. शीटा जशाच्या तशा होत्या, एकीवर एक, सपाट, चकचकीत. तिने वरची उचलून खिडकीकडे धरली आणि आत लाल ढग पेटले. कडेला कुठे भुगा नाही, तडा नाही.

आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. कुलपं बंद आणि माल शाबूत, याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता. "तू उघडत होतास," ती म्हणाली. "माझं कुलूप असताना माझ्यामागे उघडत होतास. किती वापरल्यास?"

दादा ट्रंकेत बघत होता, तोंड उघडं टाकून. सोंग आणायची अक्कल दादाला कधीच नव्हती, हे ती बहीण म्हणून जाणून होती. मग तिचंही लक्ष गेलं. दर दोन शीटांच्या मधे एकेक फडकं घातलेलं होतं. बाबा असं करत नसत. फडकी धुतलेली, घडीची, निळ्या फुलांची. कोणाच्या तरी जुन्या चादरीचे तुकडे.

"ही आमची चादर आहे," दादा हळूच म्हणाला.

दोघांनी मागे वळून बघितलं. दादाची बायको दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. ती कधी आली ते कळलं नव्हतं.

"कुलपं तुमचीच आहेत दोघांची," ती म्हणाली. "मी हात लावला नाही त्यांना. मागे बघा."

कानशीने ट्रंक ओढून फिरवली. मागच्या बिजागऱ्यांचे स्क्रू वारंवार काढून लावून गुळगुळीत झाले होते. त्यांना तेलही घातलेलं होतं.

दादाची बायको मग बोलली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही. बाबा अंथरुणावर होते तेव्हाच त्यांनी तिला सगळं शिकवलं होतं: बिजागरी कशी काढायची, शीटा सावलीत कशा टांगायच्या, चिमट्याखाली घडी कशी घालायची, कोणती शीट घाम फुटल्यासारखी चिकट लागली की लगेच बाजूला करायची. फडकी घालायचं तिच्या मनाचं, शीटा एकमेकींना चिकटायला लागल्या म्हणून. दादा दुकानात गेला की ती काम उरकायची. त्याला वाटायचं, बायको गाद्या उन्हात घालतेय.

"मला तुमच्या गिटारींचं काही पडलेलं नाही," ती म्हणाली. "ही ट्रंक आमच्या अंथरुणाखाली आहे. सडलं की पेटतं, असं बाबांनी सांगितलं होतं. माझी मुलं या खोलीत झोपत आली. तुम्ही दोघं मानापमान करत बसाल, जळायचं आम्ही."

"बाबांनी तुम्हाला सांगितलं?" कानशीने विचारलं. "मला का नाही सांगितलं?"

"मीही विचारलं होतं त्यांना. म्हटलं, बाबा, मुलं आहेत ना तुमची, त्यांना सांगा. ते म्हणाले, ती दोघं कुलूप लावतील. कुलूप समोरून लागतं, बिजागऱ्या मागे असतात. त्या तुझ्या भरवशावर." तिने पदर खोचला. "आणि तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही बिजागऱ्यांनाही कुलूप लावलं असतं."

दादा खाली बसला. कानशीला वाटलं, आता हा रडणार. पण दादा तो दादाच. थोड्या वेळाने त्याने ट्रंकेत हात घालून एक अर्धी शीट बाहेर काढली. तिच्या एका कडेला पट्टीच्या आकाराची खाच होती. म्हाताऱ्याच्या गिटारीची पट्टी तिथूनच निघाली होती. "यात अर्धा वाटा माझा आहे," तो म्हणाला. "काम दोघांचं म्हणून करायचं, नाहीतर नाही." कानशीने शीटची दुसरी कड धरली. बाप अंथरुणावरून जे ओळखून होता ते दोन्ही लेकरं खरं करून दाखवत होती, आणि बघायला तो नव्हता, एवढंच बरं.

दादाच्या बायकोने पुढे येऊन दोघांच्या हातातून शीट काढून घेतली. दोघांनीही सोडली, कारण ओढाताणीत ती तडकली असती. तिने ती निळ्या फडक्यात गुंडाळली आणि कानशीच्या हातात दिली.

"लागेल तेवढं कापा," ती म्हणाली. "उरलेलं परत आणा. आणि फडकंही."

कानस दादाच्या घरून रस्त्यावर आली तेव्हा तिला कोणाशी तरी कडकडून भांडायचं होतं आणि भांडायला कोणी नव्हतं. ज्या प्रश्नासाठी ती इतकी वर्षं जळली, त्याचं उत्तर बाबा केव्हाच देऊन गेले होते. बाबांनी मुलीला निवडलं नव्हतं आणि मुलालाही नव्हतं. तिला बाबांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येणं फार वाईट. तो कुठे काढता येत नाही. त्याहून राग आला तो त्या बाईचा, जिने इतकी वर्षं एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तर निदान तिला खोटं पाडता आलं असतं.

काम मात्र तिने केलं, आणि आपलं नेहमीचं केलं. केसाएवढ्या पात्याच्या करवतीने पट्टी कापली. करवत तापली की सेल्युलॉइड धुमसतं, म्हणून जरा कापायचं, जरा थांबायचं. कडेला पांढरी किनार ॲसिटोनने चिकटवली, कानस चालवून कड तिरकी केली, पॉलिशच्या कापडाने हळूहळू चमक आणली. हिरव्या तारा काढून टाकल्या, शेपटी साफ केली. पट्टी बसवून गिटार खिडकीपाशी धरली तेव्हा वरचा तुकडा आणि खालची पट्टी यांत बोट ठेवायला जागा नव्हती.

म्हातारा आला. त्याने भिंग काढलं, गिटार उजेडात फिरवली, पट्टी अंगठ्याने घासून वास घेतला. मग एक सूर छेडला, तो संपेपर्यंत ऐकला आणि म्हणाला, "हात तुझ्यातच उतरलाय. आता मी सगळ्यांना सांगेन."

हेच वाक्य ऐकायला ती जगली होती. तिने ते तसंच ठेवून घ्यायला हवं होतं. या धंद्यात माल कुठून आणला हे कोणी सांगत नाही, आणि म्हाताऱ्याने विचारलंही नव्हतं. पण तिच्या जिभेने तिचं कधी ऐकलं होतं?

"हात माझा आहे," ती म्हणाली. "माल माझ्या वहिनीने जपलाय. बाबांनी तो तिच्यावर सोपवला होता. आम्ही दोघांनी तर सडवायला ठेवला होता."

म्हाताऱ्याने गिटार पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि दाराशी जाऊन वळला. "मग तुझ्या बापाने काम तिलाच का नाही शिकवलं?" असं विचारून तो जिना उतरून गेला. त्याला उत्तर नको होतं.

उरलेला तुकडा ती बरेच दिवस परत न्यायला गेली नाही. फडकं धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलं, तरी गेली नाही. पुढची थंडी सुरू झाली आणि हवा कोरडी पडली तेव्हा एका सकाळी ती उठली, तुकडा पिशवीत घातला आणि दादा दुकानात गेला असेल अशा वेळी त्यांच्या दारात उभी राहिली.

वहिनीने दार अर्धंच उघडलं. "काय आहे?"

"तुकडा आणलाय. फडकंही आहे." वहिनीने दोन्ही घेतलं आणि दार लोटायला लागली. "शीटा टांगायच्या असतील ना आता," कानस घाईने म्हणाली. "चिमटे द्यायला आलेय."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"दोरीवर आज धुणं आहे," ती म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.

कानस बंद दारासमोर उभी राहिली. एरवी तिने त्या दाराला असं काही ऐकवलं असतं की शेजारी बाहेर आले असते. तिने तोंड उघडलंही. मग पिशवी मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली. हवा कोरडी होती, तरी जाड कपडे वाळून दोरी मोकळी व्हायला दुपार होणार होती.